जिन्यासमोरच्या भिंतीवरची तेवीस चित्रं परत लावा : आमच्या संस्थेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्षसाहेब, सचिवसाहेब, प्राचार्य मॅडम आणि संचालक मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार.

मागच्या सोमवारी रात्री साडेनऊला तुमच्या ऑफिसमधून माझ्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली. बारा बाय आठचा फ्लेक्स, चारी बाजूंनी आयलेट, सोबत एकतीस पोरांचे पासपोर्ट फोटो आणि मार्कांची यादी. खाली लिहिलं होतं, जिन्यासमोरच्या भिंतीवर लावायचा आहे, उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे. ही ऑर्डर मी केली नाही, तुमच्या क्लार्कना "जमणार नाही" एवढंच कळवलं. त्यांना वाटलं असेल मशीन बंद आहे. मशीन चालू आहे साहेब, का जमणार नाही ते सांगायला हे पत्र लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण ऑफिसात दोन अर्ज देऊन झाले, दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही.

मी लातूरमध्ये फ्लेक्स छापतो. त्याआधी भिंती रंगवायचो, सुतानं लाईन मारून ऑइल पेंटनं बोर्ड लिहायचो, तुमच्या जुन्या इमारतीवरचं संस्थेचं नावही एकेकाळी मीच लिहिलेलं आहे. आणि माझी मुलगी तुमच्याकडं अकरावी सायन्सला आहे. म्हणजे मी तुमचा पालकही आहे आणि तुमचं काम करणारा माणूसही. हे पत्र लिहिल्यावर तुमचं काम येणार नाही हे मला माहीत आहे, घरात तसं बोलणं झालेलं आहे.

आता ज्यांना काय झालं ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगी आहे, नांदेडकडच्या एका खेड्यातली, इथं कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत एका कॉटचं भाडं देऊन, राहते, मेसचा डबा खाते, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास, रविवारी टेस्ट. लातूरमधली अशी हजारो लेकरं आपण रोज रस्त्यानं बघतो, पाठीवर सॅक आणि हातात पाण्याची बाटली. त्या मुलीनं एक कविता लिहिली, नाव "किती पडले". मराठीच्या मॅडमनी ती भित्तिपत्रकात लावली. कविता अशी सुरू होते,

आई विचारते, जेवलीस का
बाबा विचारतात, किती पडले
मी दोघांना एकच सांगते
पोट भरलं.

पुढं एका ठिकाणी ती म्हणते,

आमच्याकडं पाऊस झाला की लोक हसून विचारतात
किती पडला
माझ्या मार्कांना तसं हसून कुणी विचारलंच नाही.

आणि शेवट असा आहे,

पडले ते मोजून झालं असेल
तर मला उठवायला या.

ही कविता पोरांनी वाचली, काहींनी वहीत उतरवून घेतली, आणि शाळेच्या चित्रकलेच्या सरांना कुणीतरी म्हणालं की सर याच्यावर चित्रं काढू या का. अकरावी-बारावी सायन्सला चित्रकलेचा तास नसतो हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे ही पोरं क्लास सुटल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, काही रूमवर रात्री बसून काढायची. नववीचीही सात-आठ पोरं आली. सरांनी त्यांना एकच अट घातली होती, माझ्या मुलीनं घरी येऊन सांगितलेली, की कवितेत जे लिहिलंय तेच परत काढायचं नाही, एक ओळ धरायची आणि ती ओळ आपल्याला कुठं लागली ते काढायचं. त्यांनी पोरांना रागमालेची, म्हणजे गाण्यातले राग रंगवलेली, जुनी चित्रं दाखवली, ऐकायची गोष्ट आपल्याकडं कधीपासून रंगात उतरवतात ते कळावं म्हणून, आणि मुंक नावाच्या नॉर्वेच्या चित्रकाराचं १८९३ चं ते किंकाळीचं चित्र दाखवलं. त्या माणसानं आधी डायरीत लिहून ठेवलं होतं की संध्याकाळी फिरताना आभाळ रक्तासारखं लाल झालं आणि आपण भीतीनं थरथरत उभे राहिलो, मग त्याच लिहिलेल्याचं चित्र झालं. मला हे काही माहीत नव्हतं, मुलीकडून कळलं. पस्तीस वर्षं रंगात हात घालून मला कुणी हे सांगितलं नव्हतं.

तेवीस चित्रं झाली. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात ती जिन्यासमोरच्या भिंतीवर लावली, मध्यभागी कविता. मी पहिल्याच दिवशी बघून आलो, दीड तास होतो तिथं. तुमच्यापैकी किती जणांनी ती नीट बघितली मला माहीत नाही म्हणून मी बघितलेली तीन तुम्हाला सांगतो.

एका मुलानं पाऊस काढलाय. बारीक रेघांचा पाऊस, जवळ गेलं की कळतं रेघा नाहीत, आकडे आहेत, ४१२, ३८७, ५०५, असे शेकडो आकडे सरळ उभे पडतायत, खाली भेगा पडलेलं रान, आणि रानात घागरी घेऊन लाईनीत उभी राहिलेली पोरं. प्रत्येकाची घागर रिकामी. हा मुलगा लातूरचाच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ या गावावर आली तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल, घागर घेऊन आईबरोबर लाईनीत उभा राहिला असेल. "किती पडला" हा प्रश्न आपल्या भागात किती जीव तोडून विचारतात हे त्या पोराला माहीत आहे, आणि मार्कांचा पाऊस कितीही पडला तरी घागर भरत नाही हे त्यानं कुठलंही भाषण न करता दाखवलं.

दुसरं चित्र नववीतल्या पोराचं, शेतकऱ्याचं पोरगं दिसतंय. त्यानं शेवटची ओळ धरली, उठवायला या. वाऱ्यानं पडलेला ऊस काढलाय, पूर्ण फड आडवा, आणि एक बाई वाकून चार-चार ऊस एकत्र धरून त्यांच्याच पाल्यानं बांधून उभे करतेय. चित्रात चूक आहे, बाईचा हात फार मोठा झालाय, कोपरापासून पुढं तर अंगाच्या मानानं दुप्पट. पण बघत राहिलं की वाटतं हात तेवढाच पाहिजे होता.

तिसरं माझ्या मुलीचं. हे मी बाप म्हणून सांगत नाही, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. आमच्याकडं फ्लेक्सचं डिझाईन करताना पोरांच्या फोटोचं बॅकग्राऊंड उडवावं लागतं. ते उडवलं की कॉम्प्युटरवर मागं राखाडी आणि पांढऱ्या बारीक चौकटी दिसतात, त्याचा अर्थ इथं आता काही नाही. रिझल्टच्या दिवसात ती दुकानात माझ्या शेजारी बसून अभ्यास करते, तिनं हे शेकडो वेळा बघितलंय. तिनं पोस्टर कलरमध्ये एक मोठा टॉपरचा फ्लेक्स काढला, वर "हार्दिक अभिनंदन", फुलांचा हार, मेडल, शर्टाची कॉलर, खाली मार्क, सगळं अगदी मी करतो तसं, अक्षराचं वळणसुद्धा माझंच. फक्त चेहऱ्यांच्या जागी त्या राखाडी-पांढऱ्या चौकटी. एकेक चौकट दोन नंबरच्या ब्रशनं भरलेली, चार रात्री बसली होती. मी विचारलं चेहरे का नाहीत, तर म्हणाली, पप्पा तुम्हाला फोटो येतात तेव्हा सोबत नाव नसतं कधी कधी, मार्क असतातच.

खरं आहे ते. आणि अजून एक खरं आहे ते मी इथं कबूल करतो. ज्याला जास्त मार्क त्याचा फोटो मोठा, ज्याला कमी त्याचा लहान, खालच्या ओळीत स्टॅम्पएवढा, हे सगळं मी वर्षानुवर्षं करत आलो. रात्री अकराला फोन यायचा, अमक्याचा फोटो काढा, त्याच्यापेक्षा जास्तवाला सापडला, आणि मी एक बटन दाबून लेकरू काढून टाकायचो. त्या लेकरानं घरी सांगितलं असेल की उद्या माझा फोटो लागणार आहे, हे कधी डोक्यात आलं नाही. मुलीचं चित्र बघून आलं.

असं हे प्रदर्शन आठवडाभर राहणार होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढलं. आता माझ्या तक्रारी सांगतो, एकेक करून.

पहिली तक्रार, चित्रं काढताना कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. पोरं सकाळी आली तर भिंत मोकळी. शिपायानं घाईत ओढून काढली म्हणतात, टेपच्या जागी कागद फाटलेत, ऊसाच्या चित्राचा एक कोपरा भिंतीलाच राहिला होता, तो माझ्या मुलीनं नखानं काढून आणलाय, घरी आहे. चित्रं कुठं ठेवलीत हे आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. साहेब, पोरांची उत्तरपत्रिका हरवली असती तर तुम्ही असे गप्प बसला असता का.

दुसरी, आम्हाला कारण कळलं ते असं की कुणीतरी पाहुणे आले होते, ते म्हणाले हे फार निगेटिव्ह आहे, ॲडमिशनवर परिणाम होईल, संस्थेची बदनामी होईल, आणि शेवटच्या ओळीनं पोरांच्या डोक्यात भलतंसलतं येईल. काळजी खरी असेल तर मी ती समजून घेतो. पण शेवटची ओळ परत वाचा. ती मुलगी म्हणतेय मला उठवायला या. मदत मागतेय ती, स्पष्ट मराठीत मागतेय, आणि तेवीस पोरांनी आपापल्या परीनं तिला कळवलं की आम्ही ऐकलं, आम्हालाही असंच होतं. मला विचाराल तर त्या भिंतीवर एका लेकराची हाक होती आणि बाकीच्यांची ओ होती. तुम्ही ओ काढून टाकली. आता ती मुलगी काय समजेल.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. त्या मुलीला ऑफिसात बोलावलं, तिच्याकडून लिहून घेतलं की यापुढं असं काही लिहिणार नाही, आणि तिच्या वडिलांना फोन करून बोलावून घेतलं. ते पहाटेच्या एसटीनं आले, फोनवर काय झालं ते नीट सांगितलं नव्हतं म्हणून रस्ताभर त्यांच्या मनात काय काय आलं असेल ते तुम्हीच विचार करा. दुपारी माझी मुलगी त्यांना माझ्या दुकानात घेऊन आली. हातात डब्याची पिशवी तशीच. मला म्हणाले, पोरीनं असं काय लिहिलं ते बघायला तरी मिळेल का, कॉलेजात कुणी दाखवलं नाही. माझ्या मोबाईलमध्ये फोटो होता, तो मोठा करून दिला. त्यांनी दोनदा वाचला, बोटानं ओळीओळीनं. मग म्हणाले, मी तर रोज हेच विचारतो की. बराच वेळ बोलले नाहीत. जाताना मला म्हणाले आता फोनवर काय विचारू तेवढं सांगा. मला काही सुचलं नाही, मी म्हणालो, आज पाऊस आला का इकडं, असं विचारा. हे त्यांना विचारूनच लिहितोय, नाव लिहिणार नाही.

तर ज्या कवितेनं एका बापाला एका मिनिटात कळलं ती कविता तुम्ही गुन्हा ठरवली. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही, संस्थेचं घेतलं नाही, शिक्षकांना वाईट बोलली नाही.

चौथी, बॅचेस. ए, बी, सी आणि रिपीटर. दर टेस्टनंतर पोरं खाली-वर करता, बोर्डावर नावासकट मार्क लावता, कमीवाल्यांची नावं लाल पेननं. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर निकाल दिला, शाळा, कॉलेज, कोचिंग सगळ्यांसाठी पंधरा निर्देश दिलेत. त्यात सांगितलंय की शक्यतो मार्कांवरून पोरांच्या वेगळ्या बॅचेस करू नका, चारचौघांत लाज वाटेल असं करू नका, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे, हेल्पलाईनचे नंबर दिसतील असे लावा, आणि खेळ, कला यांना महत्त्व द्या. कला हा शब्द त्यात आहे साहेब. आपल्याकडं समुपदेशक नाही, नंबर कुठं लावलेला नाही, आणि कला होती ती तुम्ही उतरवली.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या रिपोर्टप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त आपले. प्रत्येकाचं कारण परीक्षाच होतं असं मी म्हणत नाही, कारणं खूप असतात. पण पोरांनी तोंड उघडलं की ते बंद करायचं, हे तरी कुठल्याच कारणावर औषध नाही.

आणि चित्रकलेचं म्हणाल तर चित्रकलेच्या सरकारी इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आली की दहावीत सात मार्क, बी ला पाच, सी ला तीन, एवढ्यापुरतीच चित्रकला आपल्याला आठवते. ग्रेड परीक्षा झाली की चित्रकलेचे तास गणिताला दिले जातात, हे माझ्या मुलीच्या वेळेलाही झालं, मी तेव्हा बोललो नाही कारण मलाही गणिताचे मार्कच पाहिजे होते. ही चित्रं मात्र पोरांनी एकाही मार्कासाठी काढली नव्हती. ग्रेड नाही, सर्टिफिकेट नाही, नंबर नाही. दोन वर्षांत या लेकरांनी मार्क मिळत नसताना केलेली ही बहुतेक पहिली गोष्ट असेल.

मला लातूर पॅटर्नबद्दल वाईट बोलायचं नाही. या गावानं खेड्यातल्या, साध्या घरातल्या लेकरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, माझा सख्खा भाचा त्यातलाच आहे, त्याचा फ्लेक्स मी छाती फुगवून लावला होता. नीटला २०२४ मध्ये तेवीस लाखांवर पोरं बसली आणि देशभरातल्या सरकारी-खाजगी मिळून एमबीबीएसच्या जागा लाखभराच्या आसपास. म्हणजे तुम्ही कितीही चांगलं शिकवा, बहुतेक लेकरांना ती जागा मिळणार नाही, हा हिशेब मला दुकानात बसून कळतो तर तुम्हाला कळतच असेल. त्या बाकीच्यांसाठी तुमच्या इमारतीत एक भिंत होती, दोन दिवस.

माझ्या मागण्या सांगतो, फार नाहीत. तेवीसच्या तेवीस चित्रं आणि ती कविता जिन्यासमोरच्या भिंतीवर परत लावा, ठरलं होतं तेवढे दिवस, आणि फाटलेली असतील तर फाटलेलीच लावा, पोरं बघतील काय ते. त्या मुलीकडून लिहून घेतलेला कागद तिला परत द्या, तिच्या वडिलांसमोर, आणि त्यांना बोलावू नका, तुमच्यातलं कुणीतरी त्यांच्या गावी जा, अडीच तासांचा रस्ता आहे. चित्रकलेच्या सरांवर आणि मराठीच्या मॅडमवर कसलीही कारवाई करू नका, सर तासिका तत्त्वावर आहेत हे मला माहीत आहे, त्यांना यात ओढू नका, हे पत्र मी त्यांना न विचारता लिहितोय. बोर्डावर नावासकट मार्क लावणं आणि लाल पेन या टेस्टपासून बंद करा, बॅचेसचं काय करणार ते पालकांची मीटिंग घेऊन सांगा. आणि पुढच्या वर्षाच्या ॲडमिशन सुरू व्हायच्या आधी एक समुपदेशक नेमा, पूर्ण वेळ, पोरांना बोलायला दार बंद होणारी एक खोली द्या.

मनावरचा ताण बोलून दाखवायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. त्याचे बोर्ड मी करून देतो, प्रत्येक मजल्यावर, हॉस्टेलवर, मेसमध्ये, पैसे नकोत. ते फ्लेक्सवर करणार नाही, पत्र्यावर ऑइल पेंटनं हातानं लिहून देईन, दहा वर्षं तरी टिकतील.

तुमच्या सोमवारच्या ऑर्डरमधले एकतीस फोटो माझ्याकडं आहेत. ती पोरंही आपलीच आहेत, त्यांनी मेहनत केलीय, त्यांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. सगळ्यांचे फोटो एकाच साईजचे आणि मार्काशिवाय चालणार असतील तर मी फ्लेक्स करून देईन, पण दुसऱ्या भिंतीसाठी.

चित्रं स्टोअरमध्ये असतील तर ओल लागण्याआधी बाहेर काढा, पोस्टर कलर पाण्यानं सुटतो. कधी यायचं ते कळवा. शिडी, टेप, खिळे सगळं माझ्याकडं आहे, ऊसाच्या चित्राचा कोपराही आहे, मी रविवारी सकाळी येऊन लावून देतो.

आपला,
अकरावी सायन्सच्या एका मुलीचा बाप, लातूर